मुंबई इलाख्यातील 'निरोगी घरा'चा शोध : चुना, उजेड, धूर आणि ओटा

बीजशब्द : प्लेग, चाळ, सुधार विश्वस्त मंडळ, चूल, डी.डी.टी., ओटा, सार्वजनिक आरोग्य

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात किल्ले, राजवाडे आणि सरदारांचे वाडे यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे सामान्य माणसाच्या घराला मिळालेले नाही. ज्या खोलीत माणूस जन्मला, जेवला, आजारी पडला आणि मरण पावला, त्या खोलीतील हवा कशी होती, भिंतींना काय लावले जात असे, आत उजेड किती येत असे, या प्रश्नांची उत्तरे सनावळ्यांच्या पुस्तकांतून मिळत नाहीत. ती नगरपालिकांच्या अहवालांतून, कामगारविषयक पाहण्यांतून आणि साथीच्या रोगांसंबंधीच्या कागदपत्रांतून शोधावी लागतात.

घरात विषारी द्रव्ये नसावीत, हवा खेळती असावी, साध्या गोष्टींत सुख मानावे, असा विचार अलीकडच्या काळात शहरी मध्यमवर्गात विशेष रूढ झालेला दिसतो. हा विचार नवा असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात घराच्या आरोग्याचा प्रश्न मुंबई इलाख्यात १८९६ पासून राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी आला आणि त्यावर कायदे झाले, पैसा खर्च झाला, दंगलीही झाल्या. त्या काळापासून घराला निरोगी करण्यासाठी जे उपाय योजले गेले त्यांपैकी काही उपाय स्वतःच विषारी होते. तसेच ओटा, अंगण, गॅलरी आणि ऊन या ज्या साध्या सुखांना रहिवासी जपत होते, ती आरोग्याचाच भाग आहेत, ही गोष्ट योजनाकारांच्या क्वचितच ध्यानी आली. या दोन मुद्द्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वीचे घर निर्मळ होते काय?

विषयप्रवेशापूर्वी एका गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. शेणाने सारवलेली जमीन, चुन्याचा हात दिलेल्या भिंती, धान्याच्या कणगीत घातलेला कडुनिंबाचा पाला आणि तिन्हीसांजेचा धूप यांचे वर्णन करून जुने घर म्हणजे आरोग्याचा आदर्श, असे मांडणारे लेखन बरेच आढळते. यातील चुना खरोखरच उपयुक्त होता. तो अल्कधर्मी असल्यामुळे ताज्या चुन्याच्या थरावर बुरशी व अनेक सूक्ष्मजंतू टिकत नाहीत आणि काळोख्या खोलीत तो असलेला उजेड परावर्तित करतो. परंतु त्याच घरात माजघर काळोखे होते. स्वयंपाकघराला बहुधा खिडकी नव्हती. बाळंतिणीची खोली दारे-झडपा बंद करून शेगडी व धुरीने भरून टाकली जात असे. शिवाय हे चित्र गावातील सुस्थित घरांचे आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत घराची उंची, दाराचा आकार आणि पाण्याची सोय या सर्व बाबी जातीच्या निर्बंधांनी ठरत होत्या. तेव्हा परंपरेकडून घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, याचा निवाडा वस्तुनिष्ठपणेच करावा लागतो.

प्लेग आणि कार्बोलिक :

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्यातील हडफडे येथील हे डॉक्टर मुंबई महानगरपालिकेचे सदस्यही होते. धान्याची गोदामे आणि त्यांना लागून असलेली दाट वस्ती अशी मांडवीची रचना होती. उंदीर मरून पडत होते, मागोमाग माणसे आजारी पडत होती. पण या दोहोंमधील दुवा तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि ओल्या जमिनीतून उद्भवतो, अशीच तत्कालीन अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत होती. साहजिकच त्यांची मोहीम घरावर केंद्रित झाली.

या मोहिमेचे स्वरूप सविस्तर पाहणे उद्बोधक ठरेल. गटारे कार्बोलिक आम्ल व समुद्राचे पाणी यांनी धुतली गेली. घरांच्या भिंतींवर पाऱ्याच्या परक्लोराइडचे द्रावण मारले गेले, त्यावर चुना दिला गेला. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढली गेली, भिंतींना भोके पाडली गेली. अंथरुणे, चिंध्या, कधी सर्व किडुकमिडुक सामान जाळले गेले. जी घरे सुधारण्यापलीकडची ठरली त्यांच्यावर 'माणसांच्या वस्तीस अयोग्य' या अर्थाची यू.एच.एच. ही तीन अक्षरे रंगवली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला आणि या सर्व कृतींना कायद्याचे पाठबळ मिळाले.

कार्बोलिक आम्ल त्वचा जाळते. पाऱ्याचा हा क्षार तर तीव्र विष आहे. ज्या भिंतीला टेकून माणसे बसत, ज्या जमिनीवर तान्ही मुले रांगत, तेथे ही द्रव्ये मारली जात होती. शिवाय ज्या शत्रूवर हा मारा होता तो तेथे नव्हताच. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसवांमधून प्लेग पसरतो असे दाखवले. त्याच्या म्हणण्याची प्रारंभी उपेक्षा झाली आणि १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या संशोधन आयोगाच्या प्रयोगांनंतर ते सर्वमान्य झाले. गटारांत ओतलेल्या औषधांमुळे उंदीर बाहेर पडून उलट घरांत शिरले असावेत, असा तर्कही पुढे मांडला गेला. वैद्यकाच्या अपुऱ्या ज्ञानाबद्दल त्या काळच्या अधिकाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष द्यायचा तो रहिवाशाला न विचारता त्याच्या घरात शिरण्याच्या वृत्तीला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर केलेला हल्ला आणि मार्च १८९८ मधील मुंबईचा दंगा यांमागे रोगाच्या भीतीइतकीच घराच्या उंबरठ्याचा भंग झाल्याची चीडही होती. पुण्यात जून १८९७ मध्ये रँड याच्यावर झालेल्या गोळीबाराची पार्श्वभूमी तर सर्वपरिचित आहे.

याच काळात खेडोपाडी एक वेगळा उपाय आढळतो. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहत. हा उपाय लोकांच्या अनुभवातून आला होता आणि सरकारी वैद्यकांनाही तो सर्वांत परिणामकारक असल्याचे मान्य करावे लागले. घर निर्जंतुक करण्यापेक्षा काही काळ उघड्यावर, उन्हावाऱ्यात राहणे अधिक सुरक्षित ठरले. अर्थात ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर होते आणि ज्याला जाण्यासाठी शेत नव्हते, त्या मांडवीच्या हमालाला वा परळच्या गिरणी कामगाराला ही वाट मोकळी नव्हती. तो गावी पळाला तर नोकरी जाई, राहिला तर जीव.

उजेडाचा कोन :

प्लेगचा दूरगामी परिणाम म्हणजे १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेले मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळ. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडणे, समुद्राकडील वारा शहरात आत यावा म्हणून रुंद रस्ते काढणे आणि विस्थापितांसाठी चाळी बांधणे ही त्याची कामे होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निर्माण झाले. 'बी.आय.टी. चाळी' हे नाव आजही मुंबईकरांच्या तोंडी आहे.

या मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यासंबंधी एक व्याख्यान दिले. त्यांनी पुरस्कारलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. खोलीच्या बाह्य भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर पाहिले असता मध्ये अडथळा न येता आकाश दिसले पाहिजे, असा त्याचा आशय. गणिताच्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या किमान निम्मी मोकळी जागा दोहोंमध्ये हवी. साठ फूट उंचीच्या चाळीसमोर तीस फूट. आरोग्याला फूटपट्टीने मोजता येईल असे रूप देणारा हा नियम मुंबईच्या नगररचनेतील फार महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याला मिळावी तेवढी प्रसिद्धी मराठीत मिळालेली नाही.

नियम चांगला होता, परंतु मोकळ्या जागेची किंमत कोणी द्यायची हा प्रश्न होता. मोकळी जागा सोडली की त्याच भूखंडावर खोल्या कमी बसतात आणि उरलेल्यांचे भाडे चढते. पाडलेल्या वस्त्यांतून जितकी माणसे बाहेर पडली त्यांच्या मानाने नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या, हे प्रशांत किदंबी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवले आहे. हटवलेले लोक शेजारच्या वस्तीत दाटीने राहू लागले. उजेडाच्या नियमाचा खरा लाभ झाला तो दादर-माटुंगा येथे मंडळाने आखलेल्या नव्या वसाहतींना, म्हणजे प्रामुख्याने पगारदार मध्यमवर्गाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वास्तव्य दीर्घकाळ परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. १९३० च्या दशकात ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'त राहावयास गेले. ही दोन्ही ठिकाणे एकाच मंडळाच्या योजनांची अपत्ये आहेत, आणि त्या दोहोंत असलेले अंतर मुंबईतील बहुसंख्य श्रमिकांना कधीच ओलांडता आले नाही.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास खात्याने पुढे वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभारल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या या इमारतींत दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून बोळ अशी रचना होती. जुन्या चाळीसारखी उघडी गॅलरी नव्हती. अनेक खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या. वरळीच्या काही चाळींचा तर सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. निवासासाठी बांधलेली इमारत तुरुंगाच्या कामी इतक्या सहजपणे यावी, ही बाब तिच्या रचनेविषयी पुरेसे सांगून जाते.

सहा चुली :

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी १९२२ च्या सुमारास गिरणीत काम करणाऱ्या बाळंतिणींची पाहणी केली. तीत त्यांनी एका चाळीतील दुसऱ्या मजल्यावरील खोलीची नोंद केली आहे. खोली साधारण १५ फूट लांब व १२ फूट रुंद. तीत सहा कुटुंबे राहत होती. याचा पुरावा म्हणजे जमिनीवरील सहा वेगवेगळ्या चुली. मोठी माणसे व मुले धरून संख्या ३०. सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. रात्री सहा चुलींच्या धुराने भरलेली ती हवा आई व मूल दोघांनाही अपायकारक असल्याचे डॉक्टरांनी नमूद केले. अशा खोल्या आपण अनेक पाहिल्या, असेही त्या सांगतात.

या नोंदीचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे की, सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत तोवर गटार, ओल आणि गर्दी हे शब्द होते. चुलीचा धूर हा घरातील विषाचा एक प्रकार आहे आणि तो प्रथम स्त्रीच्या छातीत जातो, ही गोष्ट येथे स्पष्टपणे पुढे आली. दुसरे असे की, सहा कुटुंबांनी एक चूल केली नाही. सोवळेओवळे, जात, गाव, पगाराचा हिशेब अशी कारणे त्यामागे संभवतात. पण आपला स्वयंपाक आपल्या विस्तवावर करणे म्हणजेच आपले घर असणे, ही भावनाही त्यात नसेल असे म्हणवत नाही. १८० चौरस फुटांत भिंती नव्हत्या. घरांच्या सीमा चुलींनी ठरत होत्या.

धुराचा प्रश्न पुढे ग्रामोद्योगाच्या चळवळीने हाती घेतला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धा येथील मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. तेथे १९४० च्या दशकात तयार झालेली 'मगन चूल' ही मातीची, धुराड्याची चूल होती. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघराविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर प्रत्यक्ष मोजला. त्याच सुमारास केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. पुण्यातील डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा तयार करण्याचे तंत्र विकसित केले. त्यास २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

एवढे प्रयत्न होऊनही निर्धूर चूल घराघरांत का टिकली नाही? धुराडे काजळीने तुंबते, ते साफ करणारा कोणी नसतो, हे एक कारण. परंतु चूल केवळ अन्न शिजवत नव्हती. भाकरी तव्यावरून उतरवून विस्तवासमोर उभी करून भाजली की ती फुगते. बंद तोंडाच्या चुलीत हे जमत नाही. चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे धुराने किडीपासून राखली जात, छपराची लाकडे टिकत. पावसाळ्यात ओले कपडे तेथेच वाळत आणि थंडीत सारे घर त्या उबेला बसे. प्रयोगशाळेने लाकडाची बचत व धूर यांचे मापन केले. फुगलेल्या भाकरीचे मापन केले नाही, आणि चूल वापरणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तेच मुख्य होते. पुढे गॅस आला तेव्हा त्यावर जाळी ठेवून भाकरी फुगवण्याची युक्ती स्त्रियांनी आपणहून शोधली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या भारतीय कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले. तरीही सिलिंडर कोपऱ्यात आणि पाणी तापवण्यास चूल, असे चित्र ग्रामीण भागात अजूनही दिसते.

भिंतीवरील पांढरे डाग :

चुन्यानंतर भिंतीवर आले ते डी.डी.टी. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ मध्ये कारवार व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतील भिंतींवर डी.डी.टी. फवारून हिवतापावर नियंत्रण मिळवून दाखवले. याच अनुभवाचा उपयोग १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमास झाला. या औषधाने असंख्य जीव वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ते वर्षानुवर्षे नष्ट होत नाही, शरीरातील चरबीत साठते, आणि डासही त्याला सरावतात, हे यथावकाश लक्षात आले. भारतात शेतीसाठी त्याच्या वापरावर १९८९ मध्ये बंदी आली.

येथेही रहिवासी आणि योजना यांच्यातील तफावत दिसते. फवारणी झालेल्या भिंती बायका सणासाठी पुन्हा शेणामातीने सारवत आणि औषध लिंपणाखाली जाई. सरकारी दृष्टीने हे अज्ञान होते. पण वासाच्या, डागाळलेल्या भिंतींसमोर दिवाळीचा दिवा लावणे ज्या बाईला पटले नाही, तिच्या घराच्या कल्पनेत स्वच्छता आणि शोभा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. तैलरंगांबाबत याच्या उलट घडले. शोभेसाठी चुन्याची जागा रंगांनी घेतली आणि त्यांतील शिसे कित्येक दशके कोणाच्या डोळ्यावर आले नाही; घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले.

गॅलरी आणि ओटा :

चाळीच्या गॅलरीकडे अभियंत्याने खोलीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणून पाहिले. रहिवाशाने तिला घराचा उत्तम भाग मानले. खोलीत हवा नसे तेव्हा गॅलरीत असे. उन्हाळ्यात पापड-कुरडयांची वाळवणे तेथेच पडत, रात्री तेथेच पथाऱ्या पसरल्या जात, आणि दुपारी धान्य निवडता निवडता बायकांचे बोलणे चाले. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव, गिरणगावातील भजनी मंडळे, गच्चीवरील कोजागरीचे दूध ही सारी सुखे अल्प खर्चाची होती आणि सामायिक जागेशिवाय ती शक्य नव्हती. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या १९५८ च्या पुस्तकाला जे प्रेम लाभले त्याचे एक कारण हे अनुभवविश्व वाचकांच्या परिचयाचे होते हे होय.

या चित्रातील गोडवा अर्थात सर्वांच्या वाट्याला आला नाही. गॅलरीत सर्वांची नजर असे, आणि ती विशेषतः स्त्रियांवर असे. मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक शौचालयापुढे सकाळी रांगेत उभे राहण्यात कोणतेच सुख नव्हते. चाळीच्या आठवणी बहुधा पुरुषांनी लिहिल्या आहेत, हेही विसरता कामा नये.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने १९९५ नंतर प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र शौचालय असलेली २२५ चौरस फुटांची, पुढे २६९ व ३०० चौरस फुटांची सदनिका देऊ केली. स्त्रियांच्या दृष्टीने ही फार मोठी प्राप्ती होती. मात्र इमारतींमधील मोकळ्या जागेबाबत जे शिथिल नियम लावले गेले त्यांचे परिणाम लवकरच दिसू लागले. गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड व लल्लूभाई कंपाउंड येथील पुनर्वसन इमारतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केली. २०१८ मध्ये समोर आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, ज्या सदनिकांत उजेड व वारा कमी होता, विशेषतः खालच्या मजल्यांवर, तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. तळमजला व त्यावर सात मजले अशा या इमारतींच्या दोन रांगांमधील अंतर काही ठिकाणी अवघे तीन मीटरच्या आसपास आहे. इमारतीची उंची बावीस मीटर धरली, तर ऑर यांच्या १९१२ च्या नियमाप्रमाणे ते अकरा मीटर असावयास हवे होते. खालच्या मजल्यांवरील घरांत भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि वाळवण घालण्यास ऊन हवे असेल तर आठव्या मजल्याची गच्ची गाठावी लागते.